पिवळा रुमाल

सकाळी उठल्या उठल्या बोलायचं नाही, असं आमच्या वहिनीने ठरवलंच होतं. डोळे उघडले की आधी जिभेखाली थर्मामीटर, मग बाकीचं जग. आई पडद्याआडून ओरडायची, "महाराणी उठल्या की नाही अजून?" उठून बसलं की आकडा चुकतो, हे आईला कोण सांगणार!

वहिनी घरी पडदे, उशांचे अभ्रे शिवायची. टीप कधी वाकडी नाही. मूल राहण्याचे दिवस ओळखायलाही ती तशीच नेटकेपणाने शिकली होती. अंगावरून जाणारं पांढरं कच्च्या अंड्यासारखं बुळबुळीत झालं, तार धरायला लागलं, की तेच दिवस. मग अंग किंचित तापलं की समजायचं, वेळ गेली. मी तिची बिनलग्नाची नणंद, पण मलाही सगळं पाठ झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, काही खोट निघाली नाही. "आता नवऱ्याला पाठवा," म्हणाल्या. दादा म्हणाला, "मला काय धाड भरलीये?" विषय संपला.

दोन खोल्या, मध्ये पडदा, आणि आईचे कान म्हणजे काही विचारू नका. 'आज' एवढं म्हणायचीही सोय नाही. युक्ती दादानेच काढली. "त्या दिवशी डबा पिवळ्या रुमालात बांध, मी ओळखेन." वहिनी काय लाजली होती! बाळाच्या दुपट्यासाठी तिने मऊ पिवळं कापड जपून ठेवलं होतं. त्याच्याच कडेचा तुकडा कापून तिने रुमाल केला.

दादाच्याच कारखान्यात मी पॅकिंगला आहे. त्याच्या डब्याला पिवळा रुमाल दिसला की मलाच बरं वाटायचं. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्या मागेच बसले होते. त्याने रुमाल बघितला, डबा न सोडताच उठला आणि सुपरवायझरला म्हणाला, "साहेब, आज डबल शिफ्ट करतो."

सुपरवायझर हसला. "पिवळा रुमाल आला की तुला कामाचं भलतंच प्रेम येतं रे!"

म्हणजे दर वेळी? आणि घरी सांगायचा, साहेबांनी अडकवलं.

मी त्याला गेटवर गाठलं. "लाज वाटते का? ती दर महिन्याला रडते, आई तिला वांझ म्हणते, आणि तू?"

तो चपलांकडे बघत म्हणाला, "मी घरी असूनही काही झालं नाही, तर दोष कुणाचा निघेल?"

मेल्या! सख्खा भाऊ, पण एक ठेवून द्यावीशी वाटली.

संध्याकाळी वहिनीला सगळं सांगितलं. ती मशीनवर होती. तिने टीप पुरी केली, दोरा तोडला. "बरं केलंस गं, सांगितलंस," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डब्याला पिवळा रुमाल. तिसऱ्या दिवशीही. मग रोजच. दादा रोज डबल शिफ्ट करतोय, डोळे खोल गेलेत. आई शेजारणीला सांगते, "पोरगा संसारासाठी राबतोय, आणि ही बघा, लोळत पडते!" खरंच, वहिनी आता उशिरापर्यंत झोपते. थर्मामीटर कुठे टाकलंय कोण जाणे.

काल दादाने मला हळूच विचारलं, "रोज पिवळा कसा गं? तिचं काही बिघडलंय का?"

"तिलाच विचार की. घरी येऊन."

मग मीच वहिनीला विचारलं, "एकच रुमाल रोज धुतेस होय?" तिने कपाट उघडलं. दुपट्याचं कापड नव्हतं. पिवळ्या रुमालांची चळत होती, चारी बाजूंनी सरळ टीप मारलेली.

"अगं, हे काय केलंस?"

"मग काय," वहिनी म्हणाली, "चांगलं कापड वाया कशाला घालवायचं?"