माश्या न बसणारं सुकट

सोयराबाईंचा कोणावर चटकन विश्वास बसत नसे. वेंगुर्ल्याहून लग्न होऊन त्या बंगळूरला आल्या, नवरा हंबीरराव सरकारी कारखान्यात फिटर. यशवंतपूरला राहून पंचवीस वर्षं झाली, तरी दूधवाल्यासमोर दूध बोटाला लावून बघायच्या. त्या स्वभावानेच १९९६ साली एक अनर्थ टळला.

त्यांनी शेजारच्या बायकांना घेऊन सुकटाची चटणी करायला घेतली होती. बसवंत नावाचा व्यापारी मंगळूरकडून सुकट आणायचा. घरामागच्या पत्र्याच्या शेडपुढे ते पुन्हा उन्हात घालायचं, भाजायचं, कुटायचं आणि मल्लेश्वरमच्या मराठी घरांत विकायचं. शेजारी प्राणेश शाकाहारी. तो रोज कुंपणापाशी येऊन म्हणायचा, "अक्का, वास सोसतो. पण ह्या माश्या? स्वल्प बघा ना."

एका दुपारी सुकट चाळताना सोयराबाईंचे हात थांबले. ताटांवर एकही माशी नव्हती. शेजारी कचऱ्याच्या डब्यावर घोंघावत होत्या, सुकटाकडे मात्र फिरकत नव्हत्या. बायका खूश झाल्या. सोयराबाईंनी चिमूटभर सुकट नाकाशी धरलं. माशाच्या वासाखाली रॉकेलसारखा एक वास होता.

बसवंत आला तेव्हा त्यांनी त्याला दारातच धरलं. "पोत्यात काय मारतोस तू?"

"मीठ, अक्का. दुसरं काय मारणार?"

"मग माश्या का बसत नाहीत?"

तो दुखावला. "दहा ठिकाणी माल देतो. असं कोणी बोललं नाही," म्हणून पोतं आपटून निघून गेला.

ते न उघडलेलं पोतं सोयराबाईंनी फोडलं आणि मूठभर सुकट ताटलीत काढून उन्हात ठेवलं. पाहता पाहता माश्यांनी ताटली काळी झाली.

म्हणजे पोत्यात काही नव्हतं. जे होत होतं ते शेडमध्येच. त्या संध्याकाळी जेवताना हंबीररावांनी विचारलं, "कोणाचा संशय येतोय?" त्या म्हणाल्या, "सगळ्यांचाच."

दुसऱ्या दिवसापासून त्या बायकांचे हात पाहू लागल्या. कोण आधी येतं, कोण मागे रेंगाळतं. गप्पा आटल्या. त्यांतली विद्या रडवेली होऊन म्हणाली, "अहो काकू, चोर पकडताय का?"

मग एका सकाळी त्या नेहमीपेक्षा लवकर मागच्या दाराने शेडमध्ये शिरल्या. यशश्री, सगळ्यांत कामसू, जिच्यावर त्यांनी शेडची किल्ली सोपवली होती, ती ताटांवर डासांच्या औषधाचा हातपंप मारत होती.

"यशश्री!"

ती दचकली, पण पंप लपवला नाही. "प्राणेशअण्णा कॉर्पोरेशनला कळवणार म्हणत होते. शेड बंद झाली असती. मी थोडंसंच मारते, काकू. उन्हात उडून जातं."

"हे लोकांच्या पोटात जातं गं!"

"घरात भांड्यांजवळ मारतोच की आपण."

तिला खरोखर कळलं नव्हतं. सोयराबाईंना ओरडावंसं वाटलं, पण त्यांनी तिच्या हातातला पंप काढून घेतला. कुटलेली सगळी चटणी त्यांनी खड्ड्यात पुरली, घरोघर जाऊन विकलेल्या पुड्या परत मागितल्या. स्मिता नावाच्या गिऱ्हाइकाने दार अर्धंच उघडलं आणि विचारलं, "आता सांगताय? आमच्या सासऱ्यांना परवा उलट्या झाल्या, त्या कशाने?" सासरे बरे झाले, पण ते गिऱ्हाईक तुटलं.

पुढे ताटांवर मच्छरदाणीचं कापड ताणलं, कचऱ्याला झाकण आलं, सुकट जमिनीवरून उंच बांबूच्या मांडवावर गेलं. प्राणेशच्या तक्रारी कमी झाल्या. बसवंताची माफी मागायला त्या मार्केटात गेल्या. तो "सरी, सरी, ठीक आहे" म्हणाला, पण त्यानंतर पोतं त्यांच्यासमोर स्वतः उघडून दाखवल्याशिवाय त्याने कधी पैसे घेतले नाहीत.

यशश्रीला त्यांनी काढलं नाही. मच्छरदाणीची शिवण तीच घालायची. मात्र तिची पाठ वळली, की सोयराबाई तिच्या ताटातलं सुकट उचलून हळूच नाकाशी धरायच्या. यशश्रीला ते ठाऊक होतं. ती मागे वळून पाहत नसे.