प्लांटवाले मामा

आमच्या सोसायटीतले प्लांटवाले मामा कुजबुजले की वांगणीची कुत्री भुंकायची. मी बदलापूर गावचा माणूस, खोटं कशाला बोलू! अंबरनाथच्या केमिकल प्लांटात मामांचा जन्म गेला. कॉम्प्रेसरशेजारी उभं राहून बोलायची सवय, त्यामुळे हळू आवाज हा प्रकारच त्यांना ठाऊक नव्हता. देवाला मनातल्या मनात केलेला नवसही त्यांचा पुजाऱ्याला ऐकू जाई.

दुसरी खोड बॅच नंबरची. प्लांटात प्रत्येक पिंपावर तो असे, म्हणजे जगात प्रत्येक वस्तूवर असलाच पाहिजे. भाजीवालीला विचारत, "मावशे, मेथीचा बॅच नंबर काय?" ती बिचारी जुडी उलटीसुलटी करून बघे.

अशात मामींच्या मानेला गाठी आल्या. लिम्फोमा निघाला, गाठींचा कॅन्सर. औषध लगेच सुरू केलं तर चांगली आशा आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मामी घाबरलेल्या, म्हणून धीर द्यायला त्या पुढे बोलल्या, "अहो, यातलं एक औषध तर प्लांटमधूनच येतं."

झालं! मामी ताडकन उठल्या. "यांच्या प्लांटातनं? ज्या धुरानं माझी पांढरी साडी वाळता वाळता पोपटी झाली, तो मी नसेत घेऊ? मेले तरी नाही!"

तीन दिवस त्या हटून बसल्या. मामांनी जेवण सोडलं. तेवढ्यात शेजारचा एक जण उल्हासनगरच्या कॅम्प एकमधून गाठ विरघळवणारं चूर्ण घेऊन हजर.

"बॅच नंबर?" मामा गरजले.

"मामा, जडीबुटी आहे, एकदम नॅचरल!"

"धोतरापण नॅचरलच असतो. आधी तू खा."

तो जो सुटला, तो म्हणे थेट कर्जतला थांबला.

चौथ्या दिवशी मामांनी डॉक्टरीणबाईंना नीट विचारून घेतलं आणि कंपाउंडमधून सदाफुलीचं झाड मुळासकट उपटून आणलं. "अगं, हा प्लांट! झाड! औषध याच्यातनं काढतात."

"इश्श, ही तर आपल्या गटारावरची सदाफुली," म्हणत मामींनी चार पानं सरळ तोंडात टाकली.

"थुंक!" मामा ओरडले, आणि अख्ख्या सोसायटीनं तोंडात जे होतं ते थुंकलं. आमचा तर चहा गेला.

"विष आहे ते नुसतं! टेम्पोभर पाला गाळतात तेव्हा चिमूटभर औषध निघतं, ते मोजून देतात. गाळण्यात, मोजण्यात माझी हयात गेली. माझ्यावर भरवसा आहे ना?"

"तुमच्यावर नाही, सदाफुलीवर आहे," मामी म्हणाल्या, आणि हॉस्पिटलला निघाल्या.

वॉर्डात सलाईन लागलं. सिस्टरनं बाटलीवरचा बॅच नंबर वाचून दाखवला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी उत्तर दिलेलं. मामांचे डोळे भरून आले. ते मामींच्या कानाशी कुजबुजले, "फार दुखतंय का गं?" सगळा वॉर्ड म्हणाला, "थोडं!"

मामींच्या गाठी गेल्या, गेलेले केस कुरळे होऊन परत आले. मामांना मात्र दोन वर्षांनी हार्टनं नेलं. इमारत इतकी शांत झाली, की आम्हाला झोप लागेना.

परवा तळमजल्यावरच्यांची सून तसाच गाठींचा रिपोर्ट घेऊन मामींकडे आली. रडत म्हणाली, "मामी, तुम्ही कुठला पाला खाल्लात, तेवढं सांगा."

मामींनी तिचे डोळे पुसले. "पाला नाही, पोरी. चल, आधी केस पेपर काढू. सुई लावतील तेव्हा हात मी धरते."