पदराला थांबणारी गाडी

एसटीच्या खिडकीतून सखूकाकू दिसली. एका हातानं डोक्यावरची मेथीची पाटी सावरत, दुसऱ्यानं पदर हलवत ती बांधावरून धावत होती. आमची छोटी रेल्वे होती तेव्हा असा पदर दिसला की ड्रायव्हर गाडी थांबवायचा आणि काकू चढल्यावरच शिट्टी द्यायचा. ती गाडी तोट्यात म्हणून बंद केली. तोटा कुणाचा, ते विचारायला कुणी आलं नाही. गाडी बंद झाली, हे काकूच्या हाताला अजून उमगलेलं नाही.

"थांबवा हो, ती बाजाराला निघालीय!" मी ओरडले.

"इथं थांबा नाही," कंडक्टर म्हणाला.

शेजारची शहरी बाई मात्र हरखली. "किती प्रेमळ असतात नाही खेड्यातली माणसं!" म्हणत तिनंही हसून काकूला हात हलवला.