उद्या येतो

माझ्या सासूबाई शेजारणींना सांगतात, "आमची सून कॉम्प्युटरची वॉचमन आहे." पूर्वी राग यायचा. आता येत नाही, कारण याहून सोपं मलाही कधी सांगता आलेलं नाही. चाकणकडच्या कारखान्यांनी आपल्या कॉम्प्युटरांची राखण आमच्या कंपनीवर सोपवलेली असते. कोण कुठून आत शिरलं, कोणी नको तिथे हात घातला, हे आम्ही पिंपरीत बसून बघतो. काही वावगं दिसलं की स्क्रीनवर अलर्ट येतो. मग फोन करून चौकशी करायची आणि चोर असेल तर त्याची वाट तोडायची. बहुतेक अलर्ट फुसके निघतात. पासवर्ड विसरलेला एखादा साहेब असतो, आणि तो वर आपल्यालाच झापतो.

निघोज्याच्या एका कारखान्याचा अलर्ट मात्र पाठ सोडत नव्हता. डिस्पॅचच्या सुपरवायझरचं खातं होतं. रोज पहिली शिफ्ट लागली की कोणीतरी त्यात शिरायचं, मेलचं सेटिंग बदलायचं आणि लगेच बाहेर पडायचं. चोरही हेच करतात. आलेल्या मेल गुपचूप स्वतःकडे वळवून घेतात. माझ्याआधी एका सहकाऱ्याने चौकशी केली होती. तो लखनौकडचा, मराठी जेमतेम. साहेब आहेत का, असं त्याने विचारलं, तेव्हा पलीकडून उत्तर आलं, "साहेब गेले." त्याने शेरा मारला की साहेब घरी गेले आहेत, काळजीचं कारण नाही, आणि अलर्ट मिटवून टाकला.

तो शेरा मी पुन्हा वाचला. शिफ्ट लागताना घरी कोण जातं? मी स्वतः फोन लावला. गेटवर गावातलेच एक वयस्कर गृहस्थ होते.

"काका, साहेब गेले म्हणजे कुठे गेले?"

"अवो ताई, गेले म्हंजी गेले. दिवाळीच्या आदीच. छातीत दुखाय लागलं, दवाखान्यात नेलं, ते परत न्हाई आले."

"मग त्यांचं खातं कोण वापरतं?"

"कोन वापरनार? मानूसच न्हाई तर."

भूतबित मी मानत नाही. पण भरल्या ऑफिसात, चहाचा कप हातात असताना, मला घाम फुटला. खातं खरंच चालू आहे का बघावं म्हणून मी त्या पत्त्यावर एक कोरी मेल टाकली. हात मागे घेते न घेते तोच उत्तर आलं, मराठीत.

"आज येऊ शकत नाही. उद्या येतो."

माझा नवराही चाकणला शिफ्टमध्ये आहे. घाईत तो कधी "जातो" म्हणाला, तर मी त्याला जिन्यातून परत बोलावते आणि "येतो" म्हणायला लावते. तो वैतागतो, तरी म्हणतो. त्या एका शब्दावर माझा दिवस जातो. आणि इथे कधीचा गेलेला माणूस मला, अगदी अनोळखी बाईला, सांगत होता की उद्या येतो. मला रडू येईल असं वाटलं, आणि भीतीही वाटली.

मग डोकं ताळ्यावर आणून नीट बघितलं. सुट्टीवर जाताना ठेवतात तसं हे आपोआप जाणारं उत्तर होतं. कोणीतरी रोज सकाळी ते बंद करायचं आणि पुन्हा चालू करायचं. एवढंच. असं का, ते समजायला मला वेळ लागला. हे उत्तर एका माणसाला एकदाच जातं. पुन्हा हवं असेल तर ते असं बंद करून चालू करावं लागतं. म्हणजे कोणाला तरी ते रोज हवं होतं. चोराला कशाला हवं असेल? त्या पत्त्यावर रोज सकाळी एक मेल यायची. ती जिथून यायची तो कॉम्प्युटर मी शोधला. डिस्पॅचमधलाच होता. त्यावर साहेबांची मुलगी बसायची. वडिलांच्या जागी तिला घेतलं होतं.

मी तिला फोन केला. त्या उत्तराबद्दल विचारलं.

"ताई, ते मीच टाइप केलं होतं," ती म्हणाली. "दवाखान्यात. बाबांनी सांगितलं, लिही, उद्या येतो. त्यांना टायपिंग जमत नाही, त्यांच्या मेल मीच करते." मग घाबरून, "माझी नोकरी जाईल का हो?"

जाण्यासारखंच होतं. दुसऱ्याच्या पासवर्डने शिरलं की घरी, असा तिथला नियम. तिचं नाव मी दडवू शकत नव्हते. खातंही उघडं ठेवता येत नव्हतं. पासवर्ड जुना होता आणि बाहेरचं कोणीतरी तो लावून बघायला लागलं होतं. रिपोर्टमध्ये मी सगळं खरं लिहिलं. माणूस गेल्याचं कारखान्याने आम्हाला कळवलंच नाही, हेही जरा जास्तच ठसठशीत लिहिलं. पुढे तिला समज देऊन सोडलं, नोकरी राहिली.

पण त्या फोनवर आम्हा दोघींनाही ते माहीत नव्हतं. खातं आत्ता बंद करावं लागेल, असं मी तिला सांगितलं. तिने विचारलं, "एकदाच पाठवू?"

पाठव म्हटलं. चुकलं असेल तर चुकलं. स्क्रीनवर मला दिसत होतं, सेटिंग बंद झालं, चालू झालं, तिची मेल आली, उत्तर गेलं. मग मी खातं बंद करायचं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शिफ्ट लागताना, तिने पुन्हा मेल टाकली. मी बघतच बसले होते, त्यामुळे दिसली. असा पत्ता नाही, असा शेरा घेऊन ती माघारी आली. मला राहवेना. मी फोन केला आणि नुसतंच विचारलं, "बरी आहेस ना?"

मागे ट्रक भरल्याचा आवाज येत होता. कोणीतरी तिला हाका मारत होतं.

"मेल परत आली, ताई," ती म्हणाली. "बाबा गेले."