'दीपतारा'चा हरवलेला भाग

माझा मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच इमारतींच्या गच्चीवर मोटारीची जी छोटी खोली असते, तिथे त्याचं निम्मं आयुष्य गेलं. कुठल्याही लिफ्टमध्ये शिरला की आधी दाराला तळहात लावून आवाज ऐकायचा, मगच मजल्याचं बटण दाबायचा. लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर गाडी हळूच 'दीपतारा'वर वळवायचा, आणि विचारणारा पाच मिनिटांत काढता पाय घ्यायचा.

'दीपतारा' ही टीव्हीवरची मालिका. अंतराळाच्या टोकाला एक दीपगृह, त्यात एकटा दीपपाल, आणि दर आठवड्याला वाट चुकलेलं एखादं यान. एक दीपपाल म्हातारा झाला की दुसरा यायचा, मालिका आपली चालूच. मामा शाळेत असताना ती सुरू झाली आणि तो निवृत्तीला टेकला तरी संपायचं नाव घेत नव्हती. घरात आम्ही त्यालाच दीपपाल म्हणायचो. माझ्या आईला, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीला, या प्रकरणाचा मनापासून कंटाळा. ती नर्स. "पुठ्ठ्याची यानं आणि चंदेरी कागदाचे कपडे. दादा, तू मोठा कधी होणार?" असं ती त्याला दर भेटीत विचारायची, आणि तो दर भेटीत म्हणायचा, "बघू, वेळ मिळाला की."

पण लहानपणी तिनेही त्याच्या हाताखाली काम केलेलं होतं. तेव्हा भाग एकदा दिसला की गेला, पुन्हा बघायची सोय नव्हती. मामाने शेजाऱ्यांकडून जुना टेपरेकॉर्डर मिळवला. तो टीव्हीपुढच्या स्टुलावर ठेवायचा, आणि भाग संपेपर्यंत घरात कुणी शिंकायचंसुद्धा नाही असा हुकूम. खिडक्या लावणं, नळ घट्ट बंद करणं, मांजराला बाहेर काढणं ही खाती आईकडे. एकच माणूस या हुकुमाला जुमानत नसे, ती म्हणजे माझी आजी. ती कपडे धुण्याच्या कारखान्यात इस्त्रीवर होती. पाळी संपवून नेमकी त्याच वेळी घरी यायची, दहा तास उभी राहिलेली, आणि दारातूनच आवाज द्यायची. त्यामुळे प्रत्येक कॅसेटवर कुठे ना कुठे आजी होतीच. मामा चिडायचा. "आई, रेकॉर्ड होतंय ना." आजी म्हणायची, "होऊ दे की. माझंही होऊ दे."

आजीला मी पाहिलेलं नाही. माझ्या जन्माआधीच ती गेली. त्या कॅसेटींपैकी घरं बदलताना बऱ्याच हरवल्या, शेवटी एकच उरली, 'मुकं यान' नावाच्या भागाची. आजी गेल्यावर मामाने ती एकदाही लावली नाही. कपाटात, कपड्यांच्या मागे होती. आहे म्हणजे पुरे, असं काहीतरी त्याच्या मनात असावं.

मालिकेला पन्नास वर्षं व्हायची होती तेव्हा एक बातमी आली. सुरुवातीचे काही भाग बनवणाऱ्यांनीच जागा वाचवायला पुसून टाकले होते. कुणा प्रेक्षकाकडे घरी उतरवलेला आवाज असेल तर पाठवा, त्यावर नवी चित्रं काढून तो भाग वाढदिवसाच्या विशेष चित्रपटासोबत थिएटरांत दाखवू. 'मुकं यान' त्या पुसलेल्यांपैकीच एक. आठवडाभर मामा कॅसेट कपाटातून काढायचा आणि परत ठेवायचा. मग त्याने कॅसेट मोज्यात गुंडाळली, डब्यात घातली आणि पाठवून दिली. पाठवण्याआधीसुद्धा ऐकली नाही. काही महिन्यांनी ती सुखरूप परत आली, सोबत आभाराच्या दोन ओळी. कुणाकडेही नसलेला भाग तुमच्यामुळे मिळाला, असं त्यांनी लिहिलं होतं.

चित्रपट लागला त्या रविवारी दुपारी मामाने आम्हा दोघींना थिएटरला नेलं. आई कुरकुरत आली, पण साडी चांगली नेसली होती. वर जाताना मामाने सवयीने लिफ्टच्या दाराला हात लावला. "बरी आहे," म्हणाला. बाहेरच्या दालनात बघावं तिकडे दीपपाल. टक्कल पडलेले, पोटं सुटलेले, काठी टेकणारे, चंदेरी कोटातले. एका बाईंनी अख्ख्या कुटुंबाला कोट शिवले होते, सासूबाईंसकट. मामा साध्या शर्टात होता. पण बघता बघता तो त्यांच्यात असा मिसळला, की आईने मला कोपराने ढोसलं. "इतका बोलतो हा?"

दिवे मालवले आणि 'मुकं यान' सुरू झालं. पडद्यावर नवी चित्रं, पण आवाज जुना, थोडा खरखरीत. सगळं थिएटर श्वास रोखून ऐकत होतं. एक यान दीपगृहाभोवती फिरतंय, हाका मारल्या तरी उत्तर देत नाही, एवढीच गोष्ट. मामा खुर्चीच्या कडेला सरकला. दीपपाल म्हणाला, "कुणी आहे का आत?" मामाने माझं मनगट धरलं.

पडद्यावर काहीच झालं नाही. यान फिरत राहिलं. बारीक घरघर, बस्स.

"इथे होती," मामा हळूच म्हणाला. "बरोबर इथेच."

मला उमगायला क्षणभर लागला. त्यांनी आवाज स्वच्छ केला होता. दुसरं काय करणार? जगभरच्या लोकांना आमची आजी कशाला ऐकवतील? मामा पडद्याकडे बघत होता, पण बघत नव्हता.

तेवढ्यात आई पुढे वाकली आणि मी कधीच न ऐकलेल्या, जरा घोगऱ्या, दमलेल्या आवाजात म्हणाली, "काय रे पोरांनो, अंधारात काय बसलात? हात धुवा आधी. मांजर बाहेर का रडतंय?"

मागून कुणीतरी "शूऽ" केलं. मामाने मान वळवून बहिणीकडे पाहिलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. हसतोय की रडतोय ते मला अंधारात कळेना. बहुतेक दोन्ही. आईही तोंडावर पदर धरून तशीच. पुढचा चित्रपट त्या दोघांनी किती पाहिला देव जाणे.

बाहेर आल्यावर "शू" करणारे गृहस्थ शोधत आले. चंदेरी कोट, पांढऱ्या मिशा, शहरातल्या चाहत्यांच्या मंडळाचे प्रमुख. तंबी द्यायला आले होते. मामाने त्यांना काय झालं ते सांगितलं. ते बराच वेळ मिशी कुरवाळत राहिले.

"म्हणजे कॅसेट तुमची?"

"हो."

"आणि त्यात आई आहेत."

"आहे. पण ती गेल्यापासून मी ऐकलेली नाही. धीर होत नाही."

"मग एकट्याने नका ऐकू," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी मामाच्या दोन खोल्यांत मंडळातले काहीजण धरून आम्ही सहासातजण दाटीवाटीने बसलो. मिशावाल्यांनी आपला जुना टेपरेकॉर्डर आणला होता. बटण दाबलं आणि दीपपाल अशा जाड, झोपाळू आवाजात बोलायला लागला की सगळे चपापले. "पट्टा सैल झालाय," मामा म्हणाला. त्याने स्क्रू काढले, आतल्या चाकाला बोट लावून पाहिलं, टेबलाच्या खणातून एक रबरबँड काढून बसवला. हात कामाला लागले तशी त्याची भीती ओसरली असावी. पुन्हा बटण दाबलं तेव्हा आवाज ठीक झाला होता.

"कुणी आहे का आत?" दीपपालाने विचारलं, आणि दार वाजलं.

आजी बोलली. आईने नक्कल केली होती त्याहून तिचा आवाज बारीक होता, आणि बराच तरुण. मी आज आहे त्याहून ती तेव्हा फार मोठी नसणार. मामा आणि आई एकमेकांकडे बघत राहिले. त्यांच्या आठवणीतली आई त्यांच्याबरोबरच म्हातारी होत गेली होती. मग टेपवर एक पोरगा खेकसला, "आई, गप्प ना!" आणि एक पोरगी म्हणाली, "मी नळ बंद केलाय, मी नाही बोलले."

"किती उद्धट होतो रे आपण," आई म्हणाली.

भाग संपला, शेवटचं संगीत संपलं. टेप मात्र चालूच होती, त्या दिवशी बंद करायची राहिली असावी. खुर्च्या सरकल्या. ताटं मांडल्याचा आवाज आला. वाटीत चमचा वाजला. दूर कुठेतरी आजी कुणाशी तरी हसली. मंडळी संकोचून उठायला लागली. मी बटणाकडे हात नेला.

"बंद करू का, मामा?"

"असू दे," तो म्हणाला. "आम्ही जेवतोय अजून."