हौसाच्या अर्जातले मी न लिहिलेले वाक्य

भूतखेत, देवऋषी, अंगात येणे या गोष्टींची मी आजवर जाहीर टिंगल करीत आलो आहे. राजूरच्या बाजारात बसून सतरा वर्षे लोकांचे अर्ज लिहिणाऱ्या, सातवी पास अर्जनविसाचा विश्वास फक्त कागदावर असतो. तरीही बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी जे घडले ते, वाचकहो, जसेच्या तसे सादर करतो!

हौसा माझी धाकटी बहीण. पहिल्या बाळंतपणात तिला आतून जखम झाली आणि तेव्हापासून शौचावर ताबा राहिला नाही. सासरी तिचे ताट गोठ्यात जाई. दवाखान्यासाठी पहिला अर्ज मीच लिहिला. बहिणीची लाज राखावी म्हणून 'पोटाचा विकार' असे सभ्य शब्द योजले. परिणामी दोन वर्षे तिला हगवणीची औषधे! शेवटी नवरा म्हणाला, "दिवाळीपातूर बगतो, मंग दुसरी करतो."

म्हणून नगरच्या मोठ्या सर्जनसाहेबांना मी नवा अर्ज लिहिला. शब्द तेच — 'पोटाचा विकार'. हौसाला वाचून दाखवला.

"खरं लिव्ह की रं दादा."

"बाईमाणसाचं असलं कागदावर लिहीत नसतात," असे म्हणून मी पाकीट डिंकाने बंद केले आणि स्वतःच्या खिशात ठेवले.

हौसाला घेऊन नगरला गेलो. साहेबांनी पाकीट माझ्यादेखत फोडले, वाचले... "शाबास! इतकं स्पष्ट कुणी लिहीत नाही हो!"

कागदावर होते — 'बाळंतपणात गुदद्वाराचा स्नायू फाटला असून शौच आवरत नाही.' अक्षर माझे! सही माझी! आणि 'स्नायू' हा शब्द मी जन्मात लिहिलेला नव्हता!

तपासणीत अगदी तेच निघाले. साहेबांनी फाटलेली दोन्ही टोके शोधून एकमेकांवर चढवून शिवली. दीड महिन्याने हौसा राजूरला एस.टी.तून उतरली ती ओरडतच — "दादा, नगरपासनं बसून आले! एकदाबी गाडी थांबवाया लागली न्हाई!" नवरा न्यायला आला होता; दुसरीचे नाव पुन्हा निघाले नाही.

मग मी पेटीतून त्या अर्जाची कार्बन प्रत काढली — मूळ कागदाखाली ठेवून त्याच वेळी, त्याच दाबाने उमटलेली. तिच्यावर निळ्या अक्षरांत स्पष्ट 'पोटाचा विकार'!

"हौसा, कुणाकडून बदलून घेतलास अर्ज?"

"मी? मला सही तरी येती का! आन पाकीट तुज्याच खिशात हुतं." ती हसली. "कुनी का लिव्हंना... तू न्हाई लिव्हलंस, येवढं खरं."

मूळ अर्ज दवाखान्याच्या दफ्तरी आहे, प्रत माझ्यापाशी आहे. त्या दोहोंच्या मध्ये काय घडले, याचा खुलासा मला आजही करता येत नाही.