मोकळ्या गाडीवर ताणलेली चेन

आमच्या रविवारच्या मंडळींत मला मिस्त्री म्हणतात. मी मिस्त्री नाही. नागापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर म्हणून मी तीस वर्षं काढली. पण हातात पाना आणि तोंडात उपदेश असला की लोक मिस्त्रीच म्हणतात, आणि माझ्याकडे दोन्ही भरपूर होतं. आम्ही आठ-दहा जण, सगळे चाळिशी-पन्नाशीतले, मोठ्या मोटारसायकली घेऊन लांब लांब हिंडणारे. कोकण झालं, हंपी झालं, एकदा कच्छपर्यंत जाऊन आलो. कुणी निघायचं ठरवलं की गाडी आधी माझ्या शेडमध्ये यायची, आणि तिच्याबरोबर मालकालाही ऐकून घ्यावं लागायचं. ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने उतरायचा. टायर गार असतानाच हवा मोजायची. क्लचची जास्तीची केबल आत्ताच ओवून ठेवा, तुटल्यावर गावोगाव शोधत बसू नका. उसाच्या ट्रॉलीला मागचा दिवा असेल असं धरून चालू नका, नसतोच. कुणी उलट बोललं की मी म्हणायचो, "मग जा शोरूमला, तिथं चहा पण देतात." माझा स्वभावच तसा, आणि तेव्हा मला त्याचा अभिमान होता.

माझं सगळं निमूट ऐकणारा एकच माणूस होता, तो म्हणजे मास्तर. ते तिसगावकडच्या एका शाळेत शिकवायचे आणि राहायला नगरला होते. रोज करंजी घाटातून अप-डाऊन. रविवारची चर्चमधली उपासना ते कधी चुकवत नसत, त्यामुळे आमची निघायची वेळ त्यांच्यासाठी दहाच्या पुढे गेली. मी दर रविवारी कुरकुरायचो, पण त्यांच्याशिवाय निघावं असं मलाही वाटायचं नाही. माझा उपदेश ते शाळेच्या वहीत लिहून घ्यायचे, समास सोडून, तारीख टाकून. मला त्या वहीचं हसू यायचं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं. माझं बोलणं कुणी लिहून घ्यावं असं आयुष्यात दुसरं कुणाला वाटलं नव्हतं.

त्यांच्या शाळेजवळून जो हायवे जातो तो थेट विशाखापट्टणमला, समुद्रापर्यंत जातो. पोरं विचारायची, गुरुजी हा रस्ता कुठं संपतो? मास्तरांनी ठरवलं की एकदा वहिनींना मागे बसवून तो रस्ता संपेपर्यंत जायचं आणि पोरांना येऊन सांगायचं. सगळ्या सुट्ट्या त्यासाठी साठवल्या. निघायच्या आठ दिवस आधी गाडी माझ्याकडे आणली. चेन खडखड करत होती.

चेनचा हिशोब मी इथं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. गाडीची चेन बोटांनी मोजतात. खालून वर ढकलली की दोन बोटं हलली पाहिजे. गाडीवर दोन माणसं आणि सामान चढलं की मागचा भाग खाली बसतो आणि चेन आपोआप ताणली जाते. तेवढा ताण सोसायला ती आधी सैल ठेवावी लागते. म्हणून लांबच्या प्रवासाला निघताना चेन माणसं बसवून बघायची असते. मोकळ्या गाडीवर एक बोट ठेवली तर भरलेल्या गाडीवर ती तारेसारखी होते, आणि एखाद्या खड्ड्यात तुटते. हे मला माहीत होतं. आजही कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

त्या दिवशी कारखान्यात माझं साहेबाशी वाजलं होतं. डोकं तापलेलं होतं आणि ती खडखड ऐकवत नव्हती. मास्तरांची गाडी डबल स्टँडवर उभी होती, मोकळी. मी चेन ओढली, आवाज बंद होईपर्यंत ओढली आणि नट कसून टाकले. मास्तरांनी बोट लावून बघितलं. म्हणाले, "मिस्त्री, जरा जास्तच ताणली गेली नाही ना?"

"मास्तर, मी तुमच्या शाळेत येऊन पाढे तपासतो का?" मी म्हणालो.

ते हसले. खिशातून पेन काढून वहीत लिहिलं: चेन, एक बोट.

ते निघाले त्याच दिवशी, करंजी घाटात उतारावरच्या एका वळणावर रस्ता खचून आडवा चर पडलेला होता. घरापासून तासाभराच्या अंतरावर. मागे वहिनी, दोन्ही बाजूंना भरलेल्या पिशव्या. गाडी त्या चरात आदळली, चेन तुटून इंजिनाजवळच्या दातेरी चक्रात गुंतली आणि मागचं चाक जागच्या जागी जाम झालं. वहिनींच्या मनगटाचं हाड मोडलं, ते वाकडं जुळलं. मास्तरांचा मणका गेला. कमरेखाली आता काही नाही.

गाडी टेम्पोत घालून मीच आणली. शेडचं दार लावून घेतलं आणि मागच्या चाकाजवळ बसलो. तिथे चेन कितीवर ओढली आहे हे दाखवणाऱ्या खुणा असतात. नट जिथं मी कसले होते तिथंच होते, एक खूणही मागे सरकलेले नव्हते. मग एकेक नट सोडवला, सगळं डिझेलने धुतलं, आणि तुटलेली चेन भंगारच्या पोत्यात टाकली.

हॉस्पिटलमध्ये मास्तर शुद्धीवर आल्यावर मला म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही करून दिली होती. मी आठ दिवसांत परत बघितलीच नाही. ढिली झाली असणार. माझा आळस नडला." तिथं मला तोंड उघडता आलं असतं. वहिनी हात गळ्यात बांधून शेजारी बसल्या होत्या. मी म्हणालो, "असू द्या मास्तर, आराम करा." आणि मूग गिळून बसलो.

अशी दोन वर्षं गेली.

मास्तरांनी गाडी विकू दिली नाही. मी ती स्वतःच्या हाताने दुरुस्त केली आणि त्यांच्या पोर्चमध्ये, खिडकीसमोर उभी केली. खिडकीच्या आत त्यांचा पलंग आहे. दर रविवारी मी जाऊन गाडी सुरू करतो, चौकापर्यंत चक्कर मारून आणतो, आणि टायर एका जागी दबू नये म्हणून चाक अर्धा फेरा फिरवून ठेवतो. आत वहिनी त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवतात, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. गाडी उभ्या जागी चालू असली की खिडकीतून मास्तरांचा आवाज यायचा, "मिस्त्री, आयडलिंगला जरा अडखळतीय का?" कान शाबूत होते माणसाचे. लोक म्हणायचे, दोस्ती असावी तर अशी. मला ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शिकवायची सवय जात नाही. मास्तर पलंगावरून आमच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकू लागले. वही उघडून, एकेक मुद्दा, पोरांना सांगावं तसं समजावून. ग्रुप वाढला, नेवाशाचे, श्रीरामपूरचे, संगमनेरचे लोक आले. नव्या माणसाला मास्तरांचा पहिला धडा ठरलेला असायचा: "चेन एक बोट ठेवा, घट्ट ठेवा. आमच्या मिस्त्रींनी मला तशीच करून दिली होती. मी ढिली होऊ दिली म्हणून आज पडून आहे." खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागायची.

मी काय करायचो? ज्याने विचारलं असेल त्याला गुपचूप फोन करायचो. "मास्तरांचं मनावर घेऊ नका, दोन बोटं ठेवा, माणसं बसवून बघा." लोक म्हणायचे, मग ग्रुपवर सांगा ना. मी म्हणायचो, आजारी माणूस आहे, कशाला दुखवायचं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण असे फोन किती जणांना पुरणार? ज्यांनी न विचारता नुसतं ऐकलं आणि घरी जाऊन चेन ओढली, त्यांचा मला पत्ताही नव्हता. रात्री पडल्यावर मी मनातल्या मनात गाड्या मोजायचो.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी पोर्चमध्ये गाडी पुसत होतो, तेवढ्यात फाटकाशी एक गाडी येऊन थांबली. हिवरे बाजारच्या बाजूचा एक दूधवाला आणि त्याची बायको. पस्तिशीचा माणूस, गोठा भावाच्या हवाली करून पहिल्यांदाच लांब निघालेला. कुठं निघाला? विशाखापट्टणमला. मास्तरांचे मेसेज ऐकून ऐकून दोघांनी तोच रस्ता धरला होता, आणि जाण्याआधी त्यांच्या पाया पडायला आले होते. गाडी दोन्ही बाजूंनी भरलेली.

मास्तर इतके खूश झाले की उशीवर हात टेकून वर सरकले. खिडकीतून त्याला म्हणाले, "चेन बघितलीस का?"

"परवाच टाईट केली गुरुजी, तुमी सांगितल्यावानी. तरी दीड बोट हाय अजून."

"मग मिस्त्री आहेत ना इथं. मिस्त्री, तुमच्या हातानं एक बोट करून द्या. माझी करून दिली होती ना, तश्शी."

गाडी डबल स्टँडवर होती. मी पाना घेऊन खाली बसलो. वर बघितलं तर ती बाई हेल्मेटचा पट्टा लावत होती आणि नवऱ्याला विचारत होती, "समुद्र कितव्या दिवशी दिसंल वो?" वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या. वाकड्या मनगटामुळे त्या ट्रे कोपराच्या घडीत धरतात. मला नट फिरवता येईना.

मी उठलो. त्या दोघांना म्हणालो, "स्टँड काढा आणि दोघं बसा गाडीवर. नेहमीसारखे बसा."

"आता? कशाला वो काका?"

"बसा म्हणतो ना!"

ते बसले. गाडी मागे दबली. मी खिडकीकडे तोंड करून चेनखाली बोट घातलं आणि वर ढकललं. चेन जागची हलली नाही. दीड बोट सैल असलेली चेन, दोन माणसं बसल्यावर सळईसारखी झाली होती. "मास्तर," मी म्हणालो, "दिसतंय का? आणि ही दीड बोट आहे."

मास्तर बघत राहिले. शिकवणारा माणूस, त्याला दोनदा सांगावं लागत नाही. मग त्यांनी विचारलं, "माझी ताणली तेव्हा गाडीवर कोण बसलं होतं?"

"कुणीच नव्हतं," मी म्हणालो. "ढिली झाली नव्हती मास्तर. मी कसली होती तिथंच होती. मी बघितलंय."

"कधी बघितलं?"

"गाडी आणली त्याच दिवशी."

दूधवाला आणि त्याची बायको गाडीवर तशीच बसून होती, उतरावं की नाही हे त्यांना कळेना. मला वाटलं होतं मास्तर ओरडतील. त्यांनी ओरडावं असं मला फार वाटत होतं. ते वहिनींना म्हणाले, "वही दे, आणि लाल पेन." वहिनींनी आणून दिली. त्यांनी ते पान शोधलं, ओळीवर काट मारली, पट्टी लावून मारतात तशी सरळ, आणि वर नवीन लिहिलं. मग माझ्याकडे बघितलं.

"पाय गेले ते गेले, मिस्त्री. मी दोन वर्षं लोकांना चुकीचं शिकवत होतो, आणि तुम्ही ऐकत होता."

मी खाली बसून त्या दूधवाल्याची चेन सैल केली, माणसं बसवून परत मोजली, नट कसले. माझ्या पाठीमागे मास्तर फोनवर बोलत होते, ग्रुपसाठी. "चेन माणसं आणि सामान चढवून बघायची. मोकळ्या गाडीवर दोन बोटं. आजवर मी तुम्हाला चूक सांगत आलो. ज्यांनी माझं ऐकून ओढली असेल त्यांनी आजच्या आज सैल करा." मी माझ्या नावाची वाट बघत होतो. त्यांनी ते घेतलं नाही.

पुढच्या रविवारी जावं की नाही हे मला कळत नव्हतं. शेवटी गेलो. खिडकी लावलेली होती, आतून पडदा ओढलेला. वहिनी पोर्चमध्ये आल्या. मी म्हणालो, "वहिनी, मला काय बोलायचं ते बोला."

"काय बोलू?" त्या म्हणाल्या. "चूक कुणाकडूनही होते, भाऊ. पण ह्यांनी दोन वर्षं एक रात्र सोडली नाही. माझा हात हातात घ्यायचे आणि म्हणायचे, माझ्या आळसानं तुझा हात मोडला, मला माफ कर. रोज. तुम्ही दर रविवारी इथं येत होता. तेवढं तरी त्यांच्या डोक्यावरून उतरवायचं."

त्या आत गेल्या. मी गाडी सुरू केली, चौकापर्यंत चक्कर मारून आणली, आणि चाक अर्धा फेरा फिरवून ठेवलं.

विशाखापट्टणमहून दूधवाल्याने समुद्राचा फोटो पाठवला. गाडी वाळूत उभी, बायको शेजारी, खाली लिहिलं होतं, चेन बरोबर दोन बोटं. मास्तरांनी त्याला तीन वेळा शाबास म्हटलं. मी अजून दर रविवारी जातो. इंजिन गरम होईपर्यंत थांबतो आणि खिडकीतून कुणी आयडलिंगबद्दल काही विचारतंय का हे ऐकत उभा राहतो. खिडकी बंद असते.